जुन्या कंपनीत इंजिनिअर म्हणून कसे टिकावे

प्रस्तुत मार्गदर्शन भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या जुन्याजाणत्या कारखान्यात नुकत्याच चिकटलेल्या ट्रेनी इंजिनिअरांसाठी आहे. संगणकवाल्यांनी वाचू नये, त्यांना रविवारी सुट्टी असते.

आपली सुट्टी गुरुवारी. लग्नं रविवारी. आहेर आईबरोबर पाठवावा.

सेफ्टी शूज एक नंबर मोठेच मिळतात. दोन मोजे घालावेत, स्टोअरशी वाद घालू नये.

‘हे असं का?’ हा प्रश्न तोंडी कदापि विचारू नये. विचारायचाच तर पाच वेळा आणि छापील फॉर्मवर. यास ‘फाइव्ह व्हाय’ म्हणतात. पद्धत टोयोटाची, तिथे पाचव्या ‘का’पर्यंत व्यवस्थेतला दोष सापडावा अशी अपेक्षा असते. आमच्या साहेबांचं पाचवं उत्तर आधी ठरतं, ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’, मग वरचे चार ‘का’ त्याला जुळवून घ्यायचे. उपाय : ‘ट्रेनिंग दिले’. सोबत सह्यांचं हजेरीपत्रक. ग्राइंडरचा स्पिंडल केव्हापासून खडखडतोय, पण त्याची सही घेता येत नाही, म्हणून तो दरवेळी सुटतो.

आता ऑपरेटरविषयी. त्यांना मामा म्हणावे. ते आपल्याला साहेब म्हणतील. त्यात आदर किती आणि गंमत किती, हे प्रोबेशन संपेपर्यंत कळत नाही.

समजा, 50 मिलिमीटरचा शाफ्ट आहे, फिट एच-सिक्स. म्हणजे मोकळीक सगळी मिळून 16 मायक्रॉन. ग्राइंडरवरून उतरलेला शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा 15 अंशांनी गरम असला, तर पोलाद फुगून व्यास 8-9 मायक्रॉन जास्त दाखवतो. निम्मी टॉलरन्स तिथेच खलास. आत्ता ‘ओके’ म्हटलेला पीस निवल्यावर अंडरसाइज निघतो, आणि कमी झालेलं मटेरियल परत चिकटवता येत नाही. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश. मे महिन्यात आमचा शॉप फ्लोअर चाळिशीला टेकतो, तिथे 20 अंश फक्त स्टँडर्ड रूमच्या एसीला माहीत. मग मामा काय करतात? शाफ्ट सरफेस प्लेटवर ठेवतात, शेजारी मायक्रोमीटर ठेवतात आणि चहाला जातात. दोघंही एका तापमानाला आले की माप घेतात. हा चहा म्हणजे शुद्ध मोजमापशास्त्र आहे. टाइम स्टडीत तो ‘आयडल टाइम’ म्हणून लागतो.

तेव्हा मामा उठले की आपणही उठावे. चहाचे पैसे आपण द्यावेत.

ऑडिटच्या आदल्या दिवशी जमिनीवर पिवळे पट्टे नव्याने मारले जातात. त्यावर पाय देऊ नये, ओले असतात.

मामा येत्या मार्चला रिटायर होतायत. त्यांचं सगळं ज्ञान उतरवून घ्या, असा साहेबांचा मेल आलाय. फॉरमॅट जोडला आहे : ए-फोर, एक पान, खाली मामांची सही.