सिलिंडरला रॅम्प, मला चार पोरं

साक्रीच्या हायवेवरील हॉटेलमालक शेठ यांस,



आधी तुमच्या लिफ्टचे अभिनंदन. आरसा आहे, पंखा आहे, मजला सांगणारा गोड आवाज आहे. फक्त ती पाच पायऱ्या चढल्यावर सुरू होते. खोली ठरवताना मी फोनवर विचारले होते, "व्हीलचेअर आत येईल ना?" तुम्ही म्हणालात, "ताई, सगळी सोय शे." ती सोय पोहोचल्यावर दिसली. "काय चिंता नका करू ताई, आमना पोऱ्या उचली लेतीन."

आणि उचललेच. दोघांनी चाके धरली, एकाने पाय ठेवायची पट्टी, चौथ्याने सरळ माझ्या काखेत हात घातला. शेठ, मी पन्नाशीची बाई आहे. भाच्याच्या हळदीला नेसलेली साडी गुडघ्यापर्यंत सरकली आणि अर्धे वऱ्हाड बघत राहिले. तुम्ही खाली उभे राहून शूटिंग करत होतात. संध्याकाळी भाच्यानेच तुमचे स्टेटस दाखवले: मी हवेत, वर जोडलेले हात आणि 'माणुसकी'. मला विचारलेत? अंगाला हात लावू का, एवढे तरी? ही माणुसकी नाही शेठ, ही माझ्या अंगावर केलेली तुमची जाहिरात आहे.

पोरांवर राग नाही. पिंपळनेरकडची, कोवळी पोरं, घामाने निथळत "ताई, लागलं का?" विचारत होती. त्यांच्या पाठी धरल्या तर औषधपाणी कोण करणार?

मागच्या दाराला मात्र रॅम्प आहे. गॅसचे सिलिंडर आणि कांद्याची पोती त्यावरून सन्मानाने आत जातात, कुणी शूटिंग करत नाही. बाथरूमचे दार माझ्या खुर्चीहून अरुंद, म्हणून शेवभाजीवर घोटभर पाणीही प्यायले नाही आणि रात्रीच धुळे गाठले.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतीलाही सार्वजनिक इमारत मानतो. हॉटेल त्यात आले. नियमांत न बसणारा नकाशा मंजूरच करू नये, असेही तो सांगतो. जुन्या इमारतींची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितले की नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. घाबरू नका, पहिला दंड दहा हजारांपर्यंतच आहे. तुमच्या झुंबराला याहून जास्त लागले असतील.

हिशेब सोपा आहे. सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट उंची. एकास बारा उताराने तीस फुटांचा रॅम्प लागतो. सेल्फी पॉइंटवरची ती प्लास्टिकची हरणे हलवली की तेवढी जागा सहज निघते.

निघताना तुमच्या आई दिसल्या. त्याच पायऱ्या भिंत चाचपत उतरत होत्या, कारण कठडाही नाही. तेव्हा क्षणभर तुमचीच कणव आली. नकाशा काढणाऱ्याने विचारले नाही, मंजूर करणाऱ्याने पाहिले नाही, आणि पायऱ्या जास्त तर हॉटेल मोठे, हे तुमच्याही डोक्यात कुणीतरीच भरवले असणार.

तेव्हा आईंसाठी कठडा उद्याच बसवा. रॅम्पला वेळ लागेल, कबूल. पण तो व्हिडिओ आजच काढून टाका आणि न वापरलेल्या खोलीचे आगाऊ घेतलेले पैसे परत पाठवा.

आपली,
एक ग्राहक