झिजलेला राजा

जुनं नाणं दाखवायला आणणारा माणूस आधी राजा ठरवतो, मग नाणं पुढे करतो. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या काकांनी खिशातून पुडी काढली तीसुद्धा "सिकंदर आहे" असं म्हणतच. पुडीत तांब्याचा काळपट, हिरवट कडेचा तुकडा. दोन्ही बाजूंना एकेक फुगवटा. काकांच्या मते एक राजा, दुसरा घोडेस्वार. काकू म्हणाल्या, "द्या इकडे, पितांबरीनं लख्ख करते." तेवढ्यापुरते काका आणि मी एका पक्षात आलो. अक्षरं उरली असली तर त्या हिरव्या थरातच उरतात. थर घासला की राजाही मोरीत जातो.

अशा नाण्यावर वरून उजेड पाडून काही दिसत नाही. विजेरी आडवी, जवळजवळ टेबलाला टेकवून धरायची आणि नाणं हळूहळू फिरवायचं. नाक, गाल, केस हे उंचवटे आधी झिजतात. कडेजवळच्या खोलगट भागात एखाद्या अक्षराचा पाय तग धरून असतो. सिकंदराच्या तांब्याच्या नाण्यांवर बहुधा सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस असतो आणि मागे त्याची गदा नि धनुष्य. घोडेस्वार असतो तो बापाच्या, म्हणजे फिलिपच्या नाण्यांवर, आणि तिथला चेहराही राजाचा नव्हे, अपोलो देवाचा. काकांचा घोडा खरा मानला तर सिकंदर हातचा जात होता. चौकोनी असतं तर मी मिनँडर राजा सुचवला असता. नागसेन भिक्षूला प्रश्न विचारून भंडावणारा मिलिंद तो हाच. त्याच्या नाण्यांवर एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी. पण काकांचं नाणं गोल, आणि काका हट्टी.

ग्रीक नाणं रायपुरात येईल कसं, असं विचारलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. महानदीकाठी सिरपूरला मोरेश्वर दीक्षितांनी 1950च्या दशकात उत्खनन केलं, तिथे चिनी नाणं निघालं. बिलासपूरकडे चकरबेढ्याला रोमन सोन्याची नाणी सापडली. मग ग्रीसनंच काय घोडं मारलंय? युक्तिवाद वाईट नव्हता. फरक इतकाच, की ती नाणी जमिनीतून निघाली आणि हे आजोबांच्या सुपारीच्या डब्यातून.

वजन करायला सदर बाजारात गेलो. नाण्याचं वजन म्हटलं की मला दामोदर कोसंबी आठवतात. गोव्यात जन्मलेले हे गणिती पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत होते, तेव्हा त्यांनी चलनातली हजारो साधी नाणी तोलून पाहिली. हातोहात फिरताना नाणं किती आणि कसं झिजतं याचं गणित त्यांनी मांडलं आणि ते तक्षशिलेच्या चांदीच्या आहत नाण्यांना लावलं. तिथल्या एका निधीत सिकंदराचीही दोन नाणी होती, नुकती टाकसाळीतून आल्यासारखी कोरी. हे मी काकांना मुद्दाम ऐकवलं. त्या सिकंदराला कुणी बाजार दाखवलाच नव्हता. यांचा हा, जो कोण असेल तो, पिढ्यान्‌पिढ्या बाजार करत आलेला. तरी कोसंबींची युक्ती इथे लागू पडेना. चांदी काटेकोर तोलून पाडत, तांब्याच्या वजनाची कुणी एवढी फिकीर करत नसे. सराफानं काट्यावर ठेवलं आणि तांब्याचा भाव सांगितला. काका दुकानातून तडक बाहेर आले.

चांदीची नाणी धातूच्या जिवावर चालत. भडोच बंदरात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची द्रम्म नाणी ते राजे जाऊन शे-दोनशे वर्षं झाली तरी चालत होती, असं 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं नोंदवलंय. तांब्याचं चालतं ते घेणाऱ्याच्या मर्जीवर. परतताना कोथिंबीर घेतली आणि मी दहाचं नाणं पुढे केलं. भाजीवाली मान हलवून म्हणाली, "ये नइ चलय." रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये दहाच्या नाण्याचे चौदाच्या चौदा नमुने वैध असल्याचं जाहीर केलंय, हे मी तिला सांगून पाहिलं.

"सरकार कहिथे त का होही, गाहक नइ लेवय."

पुडीतलं नाणं पुढे करायचा मोह काकांना झालेला मला स्पष्ट दिसला. पण त्यांनी फोन काढला, गाड्यावरच्या डब्यानं दहा रुपये मिळाल्याचं खणखणीत आवाजात जाहीर केलं, आणि भाजीवालीनं वर दोन मिरच्या टाकल्या.