रबराखालचा पॅफ्को

मुलाकडे न्यू जर्सीला गेलं की पहिला आठवडा झोपेचं घड्याळ लावण्यात जातो आणि दुसरा शेजाऱ्यांशी हवेवर बोलण्यात. यंदा तिसऱ्या आठवड्यात हवा संपली, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला त्यांच्या तळघरात नेलं. ठेवणीतले दागिने दाखवावेत तशी त्यांनी बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं दाखवायला काढली. बेसबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू प्रेक्षकांत गेला की तिथेही लोक आपल्यासारखेच ओरडतात. पण दुर्मिळ तेच महाग, हा हिशोब तरी पक्का आहे असं मी समजून होतो. आजोबांनी तासाभरात तोही मोडून दिला.

सुरुवात अर्थातच होनस वॅग्नरपासून. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून जो संच वाटला, तो ‘टी-२०६’. पाचशेहून जास्त कार्डांचा हा पसारा संग्राहकांत ‘राक्षस’ म्हणून ओळखला जातो. त्यात वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकर थांबली आणि आज जेमतेम पन्नास-साठ प्रती ठाऊक आहेत. कुणी म्हणतं, आपल्यापायी पोरं तंबाखूच्या नादी लागू नयेत म्हणून त्याने मनाई केली. कुणी म्हणतं, पैशावरून बिनसलं. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा हे कळल्यावर मला तो एकदम गावाकडचा वाटायला लागला. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली.

इथवर हिशोब बरोबर होता. मग आजोबांनी जो डॉयलची गोष्ट सांगितली. हा न्यू यॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा. पण शहर तेच आणि नॅशनल लीगमध्ये दुसरा एक डॉयल, लॅरी, त्यामुळे छापखान्यात घोटाळा झाला आणि जोच्या नावाखाली नॅशनल लीग छापली गेली. चूक लवकरच दुरुस्त झाली. चुकलेल्या प्रती आज मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. म्हणजे वॅग्नरहून कितीतरी दुर्मिळ! आणि भाव? वॅग्नरच्या पासंगालाही पुरत नाही.

“असं का हो?”

“वॅग्नर कोण ते माझ्या बायकोलाही माहीत आहे,” आजोबा म्हणाले.

याच्या उलट तऱ्हा मिकी मँटलची. टॉप्स कंपनीचा १९५२चा संच ४०७ कार्डांचा. ३११ क्रमांकापासूनचा शेवटचा हप्ता मोसम सरताना बाजारात आला आणि तोवर पोरं फुटबॉलकडे वळली होती. न खपलेली खोकी गोदामात पडून राहिली. अखेर १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी ती पडावात घालून समुद्रात सोडली. विसर्जनच म्हणायचं, फक्त ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायला कोणी नव्हतं. मँटल नेमका ३११वा. पण त्या हप्त्याच्या छपाईत त्याला बहुतेकांच्या दुप्पट जागा मिळालेली, म्हणजे हप्त्यातल्या बहुतेक कार्डांपेक्षा त्याच्या प्रती जास्त. शिवाय हे काही त्याचं पहिलं कार्डही नव्हे; ते आदल्या वर्षी बोमन कंपनीने काढलेलं. तरी २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत गेली १ कोटी २६ लाख डॉलरला.

मला वाटतं, भाव वस्तूच्या कमीपणाला येत नाही, माणसाच्या चुटपुटीला येतो. जे हातात कधी आलंच नाही, त्यासाठी कोण हळहळतं? मँटल हजारो पोरांच्या हातात होता. काहींनी तो सायकलच्या चाकात फडफडायला लावला, बाकीच्यांचा आयांनी साफसफाईत काढला. पोरं मोठी झाली, पैसेवाली झाली आणि आईने फुकट टाकलेलं विकत घ्यायला निघाली. हे पाहून १९८०च्या दशकात लोक शहाणे झाले. कार्डांची खोकीच्या खोकी न फोडता जपून ठेवू लागले. कंपन्यांनीही हात न आखडता छापली. आता ती सगळ्यांकडे आहेत, कोरी करकरीत, आणि कोणी विचारत नाही. आईने न टाकल्यामुळे कवडीमोल झालेली वस्तू मी प्रथमच पाहत होतो.

शेवटी आजोबांनी जपून एक कार्ड काढलं. अँडी पॅफ्को, त्याच १९५२च्या संचातला क्रमांक एक. खेळाडू चांगला, पण मँटल नव्हे. मात्र पोरं कार्डं क्रमाने लावून रबर बांधायची आणि रबर रुतायचं ते पॅफ्कोला. त्यामुळे धडका पॅफ्को मिळणं महाकठीण आणि मिळाला तर भाव चढा. वहीचं पहिलं पान आणि घरातला थोरला मुलगा यांना हे शास्त्र न शिकवता कळतं.

मग मीही सांगून टाकलं. लहानपणी काड्यापेट्यांचे छाप जमवले होते, दोनशेच्या वर. आईने एका सकाळी बंब पेटवायला घेतले.

“किती उरले?”

“एकही नाही.”

“म्हणजे वॅग्नरहून दुर्मिळ,” आजोबा गंभीरपणे म्हणाले.

दुर्मिळ खरे. पण गिऱ्हाईक जगात एकच, आणि ते मी. त्या गठ्ठ्यात काय काय होतं ते आता सांगता येणार नाही. सगळ्यात वरचा तेवढा आठवतो: एक तांबडा घोडा, रबराने मानेवर रेघ उठलेला.