बावीस किलो नऊशे

शेवटच्या रात्री साडेनऊला दारावर टकटक झाली आणि मी हिला म्हटलं, "आला बघ काटा."

काटेकाका दारात उभे. मे महिन्यातल्या झ्युरिकमध्ये कानटोपी, उजव्या हातात ताणकाटा, डाव्या हातात वही, कानावर पेन्सिल. वयाने ते माझ्याहून चारच वर्षांनी मोठे, पण ग्रुप टूरवर हातात काटा असलेला माणूस सगळ्यांचाच काका होतो.

"बॅगा भरल्या?"

"भरल्या की. अंदाजे बावीस-तेवीस असतील."

चुकलोच. दहा दिवस एका बसमधून फिरूनही मी हा शब्द काढला.

"अंदाजे?" आमच्या खोलीत मेलेला उंदीर सापडावा तसं तोंड करून काका म्हणाले, "अंदाजे मीठ घालतात, भाजीत. वजन काय ते सांगा."

असा एक इसम तुमच्याही सहलीत होता, हे मला ठाऊक आहे. कुणाकडे ब्लडप्रेशरचं यंत्र असतं, कुणी इथलं तापमान रत्नागिरीशी ताडून बघत असतो. आमच्या वाट्याला काटा आला. तोही साधासुधा नव्हे. बॅटरीवरच्या काट्यावर काकांचा विश्वास नाही, कारण "सेल उतरला की तो खोटं बोलतो." यांचा पितळी तोंडाचा, खाली आकडा असलेला, स्प्रिंगचा. रद्दीवाल्याकडे असतो तसा. फरक एवढाच की रद्दीवाल्याचा काटा कमी दाखवतो आणि काकांचा खरं दाखवतो, ज्याचा त्रास जास्त.

छत्तीस वर्षं ते वैध मापन शास्त्र खात्यात होते. म्हणजे बाजारात ज्यांना बघून वाणी आधी चहा मागवतो आणि मग तागडी पुसतो, त्या खात्यात. लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरलेलं भोक असतं, वजन जुळवायचं ते त्या शिशाने आणि सरकारी शिक्का उठतो तोही त्या शिशावर, हे ज्ञान मला आल्प्सच्या पायथ्याशी, समोर सबंध पर्वतरांग उभी असताना, पाठमोरं उभं करून देण्यात आलं.

युंगफ्राऊयोखला, ३४५४ मीटरवर, सगळे बर्फात लोळत होते तेव्हा काकांनी चिवड्याचं पाकीट आकड्याला लावलं. उंचीवर वजन घटतं म्हणे. घटलं नाही. "घटतं, पण हा काटा तेवढं बारीक दाखवत नाही," असं म्हणून त्यांनी काट्याची बाजू सावरली. पाकीट मात्र विरळ हवेने टम्म फुगलं होतं. त्याकडे ते बराच वेळ संशयाने बघत राहिले. माल तोच ठेवून फुगवून दाखवणारे त्यांनी आयुष्यभर पकडले होते.

पॅरिसमध्ये तर कहर. सगळ्या बसला आयफेल टॉवर हवा होता, काकांना सेव्र. तिथे काय आहे, असं टूर मॅनेजर पोराने निरागसपणे विचारलं आणि बस आयफेलला पोचेपर्यंत काका सांगत होते. २० मे १८७५ ला पॅरिसमध्ये मीटरचा करार झाला. सेव्रच्या तळघरात प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल काचेच्या हंड्यांखाली, तीन किल्ल्यांच्या कुलपात ठेवलाय. जगातल्या सगळ्या किलोंचा बाप. आपल्या दिल्लीतल्या प्रतीचा नंबर सत्तावन्न.

"मग बघू या की," एक काकू उगाच म्हणाल्या.

"दाखवत नाहीत. आणि आता त्याला विचारतो कोण? २०१९ साली त्याला उतरवला गादीवरून. आता किलो म्हणजे प्लँकचा स्थिरांक. एक आकडा." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीही त्याच वर्षी रिटायर झालो."

एवढं बोलून त्यांनी अख्ख्या बसला पेपरमिंटची एकेक गोळी वाटली. पन्नास गोळ्यांचं पाकीट होतं, काकांनी मोजलेलं.

तर आमची बॅग आकड्याला लटकली. काकांचा चेहरा लाल, मानेची शीर ताठ. "तेवीस आठशे!" तेवीसची मर्यादा. घरात नांगर नसताना हिने विकत घेतलेली, गायीच्या गळ्यातली पितळी घंटा त्याच्या मुळाशी होती. एकटीच किलो शंभर.

"घंटा हातातल्या पिशवीत घेते," ही म्हणाली.

"हातातल्याला आठ. तुमची पिशवी सात सातशे आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुपारी तुम्ही बाथरूमला गेलात तेव्हा माझ्याकडे धरायला दिली होती."

शेजारच्या खोलीत चॉकलेटं होती, त्या पलीकडे कुणाचा तरी लाकडी कोंबडा. दहाच्या सुमारास सबंध पॅसेजमध्ये बॅगा उघड्या पडल्या होत्या, कोण कुणाचे बूट घालून विमानात बसणार याची चर्चा चालली होती आणि मधून काका फिरत होते, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे. "चारशे काढा." "दीडशे घाला, जागा आहे." एकाची बॅग तेहतीस भरली, तेव्हा बत्तीसच्या वर गेलेली एकटी बॅग पैसे मोजले तरी बहुतेक घेत नाहीत, उचलणाऱ्याची पाठ जाते, हे त्यांनी असं सांगितलं की त्या गृहस्थाने उचलणाऱ्याची माफी मागितली.

मग काका म्हणाले, "ज्याचं उरतंय त्यांनी माझ्याकडे द्या. साडेअकरा किलो जागा आहे."

हा माणूस दहा दिवस काहीच विकत घेत नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. एकेक वस्तू त्यांनी उघडून, हलवून, आत हात घालून बघितली. विमानतळावर 'बॅग तुम्हीच भरली का' विचारतात, तिथे खोटं बोलणार नाही, म्हणाले. वहीत नाव, वस्तू, वजन. मला पावती मिळाली: 'घंटा, पितळी, १.१००.' घंटेच्या लोलकाला त्यांनी स्वतःचा मोजा बांधला.

वहीत माझ्या नावाच्या वर एक ओळ होती. 'मुलगी. ११.५००. पोच.'

संध्याकाळी मी ते पाहिलं होतं, पण काट्याच्या धास्तीने जवळ गेलो नव्हतो. लॉबीच्या कोपऱ्यात काकांची बॅग उघडी होती आणि विंटरथूरहून आलेली मुलगी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नाचणीचं सत्त्व अशी पाकिटं पिशव्यांत भरत होती. "बाबा, पाकिटावर पाचशे ग्रॅम छापलंय. त्यावर परत पाचशे कशाला लिहिलंत?" "ते कंपनीचं. हे माझं." जावई दिसला नाही. दीड-दोन वर्षांची एक पोर काकांच्या खांद्यावर झोपली होती आणि तासभर हा माणूस तिला घेऊन जागचा हलला नाही. मग मुलीची गाडी होती. पिशव्या जड झाल्या म्हणून आधी पिशव्या दारापर्यंत गेल्या, मग पोर.

सकाळी विमानतळावर काउंटरच्या काट्याने काकांची बॅग २२.९ दाखवली. काकांनी तो आकडा वहीशी ताडला, वाकून काट्याला शिक्का कुठे आहे ते शोधलं आणि काउंटरवरच्या मुलीला मराठीत म्हणाले, "बरोबर आहे तुमचा." ती गोड हसली. सिक्युरिटीआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना बाटल्यांतलं पाणी प्यायला लावलं. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर, पोटातलं कोणी मोजत नाही.

झ्युरिकच्या विमानतळावर दूरच्या गेटांकडे नेणारी एक छोटी भुयारी गाडी आहे. ती अंधारात शिरली की गायी हंबरतात, गळ्यातल्या घंटा वाजतात आणि बोगद्याच्या भिंतीवर हायडी नावाची पोरगी येऊन हवेतून पापी देते. आमचा ग्रुप फोन काढून ओरडत होता. काका काचेला नाक लावून उभे होते. हायडी मागे गेली तसा त्यांनी हात हलवला. कानटोपीखाली कुणाला दिसणार नाही अशा बेताने.

आठेक तासांनी मुंबई. घड्याळ साडेतीन तास पुढे, पाय सुजलेले. बेल्ट सुरू झाला आणि पडद्याआडून टणाटण आवाज यायला लागला. मोजा सुटला होता. अख्खं सहार विमानतळ बघत असताना काकांची बॅग गोठ्याकडे परतणाऱ्या गायीसारखी वळण घेऊन आमच्याकडे आली.

तिथेच खाली बसून त्यांनी माल वाटला. चॉकलेटं, कोंबडा, घंटा. प्रत्येकाची सही. लोक घाईत होते, बाहेर गाड्या थांबल्या होत्या. दोघे सही न करताच गेले, तर त्यांच्यापुढे काकांनी स्वतःच फुली मारली. मी मुकाट्याने घंटा घेतली आणि, का कोण जाणे, थांबलो. मोकळी झालेली बॅग काकांनी सवयीने आकड्याला लावली.

"अकरा चारशे."

मला काहीतरी बोलायचं होतं. आभार वगैरे. तोंडातून भलतंच निघालं. "काका, नातीचं वजन किती हो?"

त्यांनी काटा खिशात घातला. वही मिटली. दोन्ही हात पुढे करून, तळवे वर, कुणी मधे झोपलेलं असावं तसे धरले.

"अंदाजे..." म्हणाले, आणि हात जरासे वर-खाली करत तसेच उभे राहिले.