पावती क्रमांक २०१ ते २५०

रेवदंड्याच्या बाजूला आमच्या वाडीत पोरं गणपतीची वर्गणी मागायला निघाली की खजिनदार नानांचा जीव खालीवर होतो. काळजी पैशांची नसते, पावतीपुस्तकांची असते. पन्नास पावत्यांचं एक पुस्तक. मधला एक नंबर जरी हरवला तरी नाना गाव डोक्यावर घेतात.

"तू कॉम्प्युटरवाला ना रे? मग काढ शोधून, कुठला आकडा गायब आहे तो."

मी एक्सएसएलटी काढली. एक्सएमएलमधल्या माहितीचं रूप पालटणारी ही भाषा १९९९ पासूनची, आणि हट्टाने थेट नानांवर गेलेली : एकदा चलाला किंमत दिली की ती बदलायची नाही म्हणजे नाही.

काम वरवर सोपं. पुस्तकं क्रमाने लावायची आणि आधीचं जिथे संपलं त्याच्या पुढच्याच आकड्याला पुढचं सुरू होतंय ना, एवढं बघायचं. पण 'बाई गं, हे आकडे आहेत' असं बजावलं नाही, तर ही बया त्यांना अक्षरं समजून १०१ला ५१च्या आधी बसवते. त्यात कुठल्या पावत्या कुणाकडे दिल्या ते लिहिलेली नानांची वही! एकीकडे 'थोरला, १ ते १००', आणि खाली 'त्यातलेच ५१ ते ८० मेहुण्याला'. शेजारच्या दोन ओळी ताडून पाहाव्यात तर ८० नंतर एकदम १०१. वीस पावत्यांची चोरी, तीही मेहुण्याच्या नावावर! म्हणून आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा जवळ बाळगत पुढे सरकायचं. पूर्वी त्यासाठी टेम्प्लेटने स्वतःलाच पुन्हापुन्हा हाक मारायची, २०१७च्या ३.० आवृत्तीत 'इटरेट' आलं आणि तो आकडा हातोहात पुढे देता यायला लागला.

उत्तर आलं : २०१ ते २५० बेपत्ता.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ते होय! कोळीवाड्यातल्या पोराकडे आहे. मासेमारीची बंदी उठली तसा बोटीवर गेला, पुस्तक खिशातच."

"मग वहीत नोंद का नाही?"

"नोंद कशाला? माझ्यासमोर तर उभा होता."

"माहीत होतं तर मला कशाला बसवलंत?"

"तुझा प्रोग्राम बरोबर चालतो का, ते बघत होतो."

बोट परतली. पुस्तकाला बर्फाचं पाणी लागलेलं. २१३ पर्यंत वर्गणी, पुढच्या पावत्यांच्या पाठीवर बांगडा किती, सुरमई किती, डिझेलचे किती. नानांनी एकेका पावतीवर शांतपणे 'रद्द' लिहिलं आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"आता सांग, हे आहे म्हणायचं की नाही?"