चार दारं, चार मतं

गाडीला सेंट्रल लॉक आहे म्हणजे एक बटण दाबलं की चारही दारांनी एकदम एकच काम करायचं. नव्या गाडीत ती तसं करतातही. पण गाडीनं पंधरा-वीस पावसाळे काढले, आणि तेही बिरवाडीचे, की दारांना स्वतःची मतं फुटू लागतात. ड्रायव्हरचं दार 'खट' म्हणतं, शेजारचं जरा विचार करून 'खुट' म्हणतं, मागचं एक नुसतं कण्हतं आणि चौथं मौन पाळतं. माझ्या गाडीला तर आपणहून बंद होऊन लगेच उघडायचा छंद लागला होता. बाजारपेठेत उभी केली, की भाजी घेणारेही त्या खटखटीनं वळून बघायचे.

महाडची एमआयडीसी शेजारीच असल्यामुळे आमच्याकडे निदान करणाऱ्यांची वानवा नाही. पाळीवरून परतणारा प्रत्येक जण दारावर टिचकी मारून सांगतो, "मोटर गेली." एकमत एवढं, की मोटरलाही ते पटावं.

वास्तविक ती मोटर अगदी साधी असते. दाराच्या आत कुलपाजवळ बसते, दातेरी चक्रं फिरवते आणि एक दांडा पुढे-मागे ढकलते. करंट एका दिशेनं गेला की दार बंद, उलटा गेला की उघडं. बाजारातून बसवून घेतलेल्या किटमध्ये या मोटरला दोनच वायरी असतात. ड्रायव्हरच्या दाराला मात्र पाच, कारण त्यात स्विचही असतो आणि बाकीच्यांना हुकूम तिथूनच सुटतो. तो स्विच ओला झाला किंवा झिजला, की हुकूमच उलटसुलट जातात. माझ्या गाडीच्या खटखटीचं मूळ तिथेच निघालं.

मौनी दाराचं मूळ वेगळं होतं. आमचा वायरमन पक्कड हातात घ्यायच्या आधी कान लावतो. "काका, आधी ऐकून तर घेऊ," म्हणाला. चारही गप्प असतील तर तो फ्यूज बघतो. आवाज येतोय पण खिटी हलत नाही, म्हणजे दांडा क्लिपमधून सुटलाय. इथे आवाजच नव्हता. त्यानं बटण दाबत ठेवून ते दार सावकाश उघडलं. अर्धं उघडल्यावर कुलूप जिवंत झालं, पूर्ण उघडल्यावर पुन्हा मेलं. झालं निदान! दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून वायरी जातात आणि दाराच्या प्रत्येक उघडझापीला तिथेच वाकतात. वरचं प्लास्टिक धडधाकट दिसतं, आतलं तांबं तुटलेलं असतं. मोटर बिचारी निर्दोष.

विजेची कुलपं तशी फार जुनी. अमेरिकेत स्क्रिप्स-बूथ गाडीला ती १९१४ सालीच होती, पण रुळली नाहीत. १९५६ मध्ये पॅकार्डनं ती पुन्हा आणली. मधली चाळीस वर्षं लोक हातानं दारं लावत होते आणि सुखी होते, असा माझा अंदाज आहे.

गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचा वेगळाच प्रकार. मागचं दार आतून उघडेना, की लॉक बिघडलं म्हणून गलका होतो. बाहेरून दार सहज उघडतं आणि दाराच्या कडेला पोरांसाठी दिलेला चाइल्ड लॉकचा चिमुकला खटका खाली पडलेला सापडतो. वायरमन त्याचे पैसे घेत नाही, फक्त हसतो. ते महाग पडतं.

आमच्याकडचा खरा गुन्हेगार पाणीच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. काचेच्या खाचेतून तो दारात उतरतोच, आणि त्यानं उतरावं हे कंपनीनंही धरलेलं असतं. म्हणून तर दाराच्या तळाला भोकं ठेवतात. ती चिखलानं बुजली, की दार म्हणजे पाण्याची टाकी होते. ब्रेक मारला की आत डुचमळ ऐकू येते. मग कनेक्टरवर हिरवट बुरशी चढते. २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांची तर गोष्टच निराळी. अशा गाडीच्या दाराचं पॅड काढलं, तर तळाशी सावित्रीचा किंवा काळ नदीचा गाळ वाळून बसलेला मिळतो. जुनी गाडी घेताना इंजिनाआधी तिथे बोट फिरवावं.

तेव्हा मृग लागायच्या आत खराट्याचा एक हीर घ्या, चारही दारांखालची भोकं मोकळी करा आणि रबरी नळीतल्या वायरी एकदा वाकवून बघा. मोटरचे पैसे त्यानंतरच द्या.