मालकाने कुळाकडून घेतलं

लोणावळ्यात गुंठाभर जागा घ्यायची तरी मावळातला माणूस आधी सातबारा मागतो. नरिमन पॉइंटला ही पद्धत नसावी. तेव्हा केंद्र सरकारच्या मालकीच्या एअर इंडियाने 2013 मध्ये मुख्यालय इथून दिल्लीला हलवलं. कर्जाचा डोंगर होताच, म्हणून मागे राहिलेली 23 मजली इमारत पुढे विकायला काढली. गिऱ्हाईक कोण? महाराष्ट्र सरकार. नोव्हेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 1601 कोटींना मंजुरी दिली.

आता सातबारा बघू. इमारतीखालची जमीन राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली! कूळकायद्यात कूळ मालकाला पैसे मोजून जमीन घ्यायचं. इथे मालकाने निघून गेलेल्या कुळाला पैसे मोजले, आणि त्याच्याकडून येणं असलेले सुमारे 298 कोटीही सोडून दिले. दिल्ली म्हणणार, मालमत्ता विकून निधी उभारला. मुंबई म्हणणार, सरकारी कार्यालयांचं भाडं वाचवलं. दोन्ही पावत्या फाडल्या करदात्याच्याच नावाने, पण तो बिचारा मुद्रांक शुल्काच्या रांगेत.

वडगाव मावळचा शेतकरी उद्या लोणावळ्याहून गाडी पकडून नव्या पत्त्यावर जाईल. 'तुमची फाइल अजून जुन्या बिल्डिंगमध्येच आहे,' असं सांगायला शिपाई तिथे हजर असेल.